जळवांनी सोडलेला पाय

झिलूच्या डाव्या पायाला जळू लागत नाही, हे मला पहिल्यांदा त्याच्या बायकोनं सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती. ते हसू आठवलं की माझं डोकं फिरतं. तिच्यावर नाही हो. ती बिचारी काय करणार? तेव्हा आम्ही सगळेच हसत होतो.

मी गोपाळ. रामनगरात माझी जीप आहे. आमचं मूळ खानापूरकडचं, आजोबा लाकडाच्या कामाला इकडं आले आणि इथलेच झाले. बेळगाव-गोवा रस्त्यावर ट्रकवाल्यांशी भांडण्यात माझी उमर गेली, त्यामुळं तोंड फटकळ आहे, तेवढं सांभाळून घ्या. झिलूची ओळख गाडीतच झालेली. तो कुणबी, कॅसलरॉकच्या आत रानात त्यांची वाडी. थोडं भात पिकायचं, बाकी रानातली मजुरी. बांबू तोडायचा, वणवा अडवायच्या पट्ट्या साफ करायच्या, पावसाळ्यात कुणी साहेब आला तर त्याच्या पुढं कोयता घेऊन वाट काढायची. अंगानं बुटका, काटक. चाळिशीही गाठली नव्हती. एक बिडी ओठांत आणि एक कानावर, हा त्याचा कायमचा दागिना. एक विझायच्या आत दुसरी पेटायची. मी गाडीत ओढू द्यायचो नाही, तर लेकाचा मागच्या पायरीवर उभा राहून यायचा, पण ओढायचा.

आमच्याकडच्या जळवा तुम्ही पाहिल्या नसतील तर सांगतो. पाण्यातल्या नव्हेत, रानातल्या. सुतळीच्या तुकड्याएवढ्या. पावसाळा लागला की पालापाचोळ्यातून वर येतात, शेपटीच्या टोकानं पानाला धरून उभ्या राहतात आणि डोकं इकडंतिकडं फिरवत माणसाची वाट बघतात. कन्नडवाले इंबळ म्हणतात. चावलेलं कळत नाही. घरी येऊन पाय धुवायला घेतले की रक्ताचे ओघळ दिसतात, तेव्हा कळतं. तंबाखू भिजवलेलं पाणी पायाला चोळायचं, चुना लावायचा, हे उपाय सगळे करतात, आणि तरी सगळ्यांना लागतात.

त्या दिवशी मी त्यांचं रेशनचं पोतं घेऊन वाडीवर गेलो होतो. झिलू नुकताच रानातून आलेला, पडवीत पाय पसरून बसला होता, आणि सुंदरी, म्हणजे त्याची बायको, त्याच्या पायाच्या जळवा मीठ लावून काढत होती.

"अण्णा, ही गंमत बगा," ती म्हणाली. "उजव्या पायाला नुसता घोस लागलाय, आनि डाव्याला एक बी न्हाई. गेला म्हैनाभर बगतेय मी."

झिलूनं ऐटीत डावा पाय माझ्यासमोर धरला. खरंच स्वच्छ होता. "रक्तात तंबाखू मुरलीया माज्या," तो म्हणाला. "जळूला तंबाखू सोसत न्हाई. बिडीचं पुण्य हाय हे, गोपाळण्णा."

"मग उजव्या पायात काय शेजाऱ्याचं रक्त आहे?"

"तिकडं पोचायची हाय अजून. वडतोय की!" असं म्हणून त्यानं नवी बिडी पेटवली.

आम्ही पोट धरून हसलो. वाडीत ही गोष्ट पसरली आणि झिलूचं म्हणणं लोकांना पटलंही. तंबाखूचं पाणी बाहेरून लावतो, तर धूर आतून लावावा, यात चूक काय? बाकीच्या बाप्यांनीही त्या पावसाळ्यात बिड्या वाढवल्या. आणखी एक गोष्ट मी पाहत होतो. चढ लागला की झिलूच्या डाव्या पोटरीत कळ यायची. मग तो थांबायचा, दगडावर टेकायचा, बिडी ओढायचा आणि उठायचा तेव्हा कळ गेलेली असायची. "बिडीनं कळ जाते," तो सांगायचा. अरे बाबा, टेकल्यामुळं जात होती ती! पण हे मला आज कळतंय. तेव्हा मीही मान डोलावत होतो.

आता वाडीतलं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांच्या वाडीला देवराई आहे. भादव्यात भाताची पहिली लोंबी धरली की ती देवाला न्यायची, त्याला नवं म्हणतात. नवं उचलणारा माणूस अनवाणी जातो, पायाला काही लावत नाही, आणि देवराईच्या आत शिरला की जळू लागली तरी उपटायची नाही, वाटेत थांबायचं नाही, बसायचं नाही. नवं ठेवून बाहेर आला की मग बायका त्याचे पाय धुतात. झिलूच्या बापानं एका वर्षी निम्म्या वाटेत खाली बसून जळवा उपटल्या होत्या. बस्स. तेव्हापासून त्या घराला कुणी नवं उचलायला बोलावलं नाही. बाप मेला तो मान खाली घालूनच. झिलू बोलायचा नाही, पण नव्याच्या दिवशी तो हटकून रामनगरला येऊन बसायचा. वाडीत थांबायचा नाही.

त्या वर्षी नागू म्हातारा झिलूच्या दारात आला. देवाचं सगळं नागू बघतो. त्यानं झिलूचा पाय हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "देवानं ह्यो पाय आपल्याकडं ठिवून घेतलाय. जळू हात लावत न्हाई म्हंजे काय? औंदाचं नवं झिलूनं उचलायचं."

सुंदरी सांगते, नागू गेल्यावर झिलू गोठ्यात जाऊन रडला. मला त्यानं सांगितलं ते वेगळंच. रामनगरच्या बाजारात भर रस्त्यात माझी जीप अडवून म्हणाला, "गोपाळण्णा, औंदा तू वाडीवर यायचंस. मी नवं उचलतोय." मागं ट्रकवाले हॉर्न मारत होते आणि हा गडी बॉनेटला धरून उभा. मी इतका खूश झालेला माणूस त्या रस्त्यावर दुसरा पाहिला नाही.

तेवढ्यात रक्षिता मॅडम आल्या.

धारवाडकडच्या. कॅसलरॉकला स्टेशनजवळ खोली घेऊन राहिल्या होत्या आणि जळवा गोळा करत होत्या. मला वाटलं औषधाला. तर म्हणे, जळवेला माणूस कसा कळतो, ते शोधायचंय. मी मनात म्हटलं, घ्या, सरकारला दुसरा उद्योग नाही. पण भाडं चांगलं होतं आणि बाई सरळ होती. रानात वाट दाखवायला माणूस हवा म्हणाल्या, तर मी झिलूला नेऊन उभा केला.

त्यांनी आम्हाला बारकं मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून जळू दाखवली. डोक्यावर कमानीसारखे काळे ठिपके. ते तिचे डोळे, म्हणाल्या, पाच जोड्या. झिलूनं डोळा लावला तो काढीचना. "एवढं डोळं आनि बगायला काय, माजी पोटरी?" मॅडम हसल्या. त्यांचं मराठी मोडकंतोडकं, मधेच कन्नडात जायच्या, पण सांगायच्या छान. त्या डोळ्यांना म्हणे नुसता उजेड आणि सावली कळते. खरं काम अंगावरच्या बारक्या ठिपक्यांचं. जळवेचं अंग वळ्यावळ्यांचं असतं, प्रत्येक वळ्यावर ते असतात. त्यांना पावलाचा हादरा कळतो, श्वास कळतो आणि ऊब कळते. ते सगळं मेंदूकडं जातं. मेंदू म्हणजे घशाभोवती एक कडं, आणि तिथून शेपटीपर्यंत वळ्यागणिक एकेक छोटा मेंदू, मणी ओवल्यासारखा. त्या मेंदूतल्या कुठल्या पेशी उबेनं जाग्या होतात, ते त्यांना बघायचं होतं.

"म्हंजे तिला सगळ्या अंगभर डोस्कं," झिलू म्हणाला.

"असंच समजा."

मग त्यांनी तो खेळ मांडला. माझ्या दृष्टीनं खेळच. खोलीपुढच्या ओसरीवर ओलं पांढरं कापड अंथरलं, झिलूला पाय फाकवून उभं केलं आणि दोन पायांच्या मधोमध एक जळू सोडली. ती उठली, डोकं फिरवलं आणि निघाली उजव्या पायाकडं. दुसरी सोडली. उजवीकडं. तिसरी तर डाव्या पायाच्या अंगठ्याला जवळजवळ टेकली होती, तिथून वळली. मॅडमचा चेहरा असा फुलला की विचारू नका. पुन्हा सोडल्या, त्याला जागा बदलून उभं केलं, पुन्हा सोडल्या. झिलूची छाती फुगलेली. "देवाचा पाय हाय मॅडम त्यो," तो म्हणाला. मी पण टाळी वाजवली.

मॅडमना पहिल्यांदा आनंद झाला, हे मी विसरलेलो नाही. पण त्यांनी पुढं जे केलं तेही सांगायला हवं. त्यांनी गरम पाण्याची पिशवी आणली आणि झिलूच्या डाव्या पावलाला लावून ठेवली. जरा वेळानं काढली आणि जळू सोडली. ती तडक डाव्या पायावर चढली.

झिलूनं खाली वाकून बघितलं. मॅडमनी त्याच्या उजव्या पावलाला हात लावला, मग डाव्या. पुन्हा उजव्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "गोपाळ, तुम्ही हात लावा."

मी हात लावला. उजवा पाय तुमच्या-माझ्यासारखा. डावा ओढ्यातला दगड काढून हातात द्यावा तसा.

"देव वगैरे नाही," मॅडम म्हणाल्या. "हा पाय गार पडलाय. यात रक्त नीट येत नाही. जळूला ऊब लागत नाही म्हणून ती येत नाही. उद्याच्या उद्या बेळगावला दाखवा. आणि बिडी बंद करा. मी डॉक्टर नाही, पण बिडीनं असं होतं हे मी ऐकलंय."

झिलू हसला. कसनुसं हसला. "पान्यात हुबा हुतो सकाळधरनं. गार पडंल न्हाईतर काय?"

"दोन्ही पाय पाण्यात होते ना?"

त्यानं कानावरची बिडी काढली, माझ्याकडं बघितलं आणि तशीच परत कानावर ठेवली.

गाडीत मी त्याला चांगला झाडला. म्हटलं, झिल्या, लेका, गाडी आत्ता वळवतो, चल बेळगावला. तो म्हणाला, "नवं झाल्यावर जाऊ." मी म्हटलं, नवं कुठं पळून जातंय? तसा तो एकदम उसळला. "माज्या बापाचं पळून गेलं की! तुला काय ठावं? दवाखान्यात निजवून घेतलं तर? पाय बांधून ठिवला तर? मग नागू म्हनंल, बापाचा पोरगा, ह्याच्याच्यानं बी झालं न्हाई. न्हाई. आधी नवं." वाडीवर उतरताना म्हणाला, "सुंदरीला सांगू नगंस."

मी सांगितलं. का सांगू नको? त्याच संध्याकाळी सांगितलं. सुंदरीनं त्याचे पाय मांडीवर घेतले, हातानं चोळले, फुंकर घातली, चुलीजवळ शेकले. तिनं नागूलाही बोलावलं. नागू म्हणाला, "बिडीनं पाय कसा जाईल? बिडी छातीत जाते. पाय कुटं, छाती कुटं!" सगळ्या वाडीला ते पटलं. खरं सांगू, ऐकायला मलाही पटण्यासारखं वाटलं. धारवाडच्या एका पोरीचं खरं मानायचं का आयुष्यभर रान तुडवलेल्या म्हाताऱ्याचं? झिलूनं म्हाताऱ्याचं मानलं, कारण त्याला तेच हवं होतं.

पुढच्या आठवड्यात डाव्या अंगठ्याला बांबूचं कुसळ लागलं. बारकी जखम. भरेना. त्यानं तिच्यावर तंबाखूचं पाणी लावलं, वर तंबाखूचं पान बांधलं. अंगठा निळा पडला, मग टोकाला काळा. सुंदरी सांगायची की झोपत नाही, पाय खाटेखाली लोंबता सोडून बसून राहतो, आणि बिडीवर बिडी. मी रोज विचारायचो, चल. तो रोज म्हणायचा, आता किती दिस ऱ्हायलं?

नव्याच्या दिवशी मी गेलो. पाऊस चांगलाच होता. झिलूनं धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्यावर लोंब्यांची टोपली. अंगठ्याला बांधलेलं फडकं नागूनं काढायला लावलं, कारण पायाला काही असायचं नाही. ते काढलं तसा वास आला आणि पुढं उभी असलेली वाडीतली रुक्मा मावशी मागं सरली. नागूलाही वास आला असणार. त्याचं तोंड मी पाहिलं. तो काही बोलला नाही. तेव्हा बोलायला पाहिजे होतं त्यानं. माझा त्या म्हाताऱ्यावरचा राग अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही.

देवराईच्या कडेला आम्ही थांबलो. झिलू आत गेला. पोटरीत कळ येत असणार, दर दहा पावलांवर टेकणारा माणूस तो. पण तो थांबला नाही. झाडांच्या आत त्याची टोपली वरखाली होताना दिसत होती, मग दिसेनाशी झाली. सुंदरी माझ्या शेजारी उभी होती आणि तिनं माझा हात धरला होता, मला वाटतं तिला ते कळलंही नव्हतं. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. रिकामी टोपली हातात, तोंड पांढरंफटक, आणि उजवा पाय रक्तानं माखलेला. डाव्यावर एक थेंब नाही. लोकांनी जयजयकार केला. बायका पाय धुवायला पुढं आल्या. झिलू माझ्याकडं बघून म्हणाला, "बसलो न्हाई, गोपाळण्णा." आणि तिथंच कोसळला.

वाडीच्या रस्त्यावर झाड आडवं पडलेलं, जीप अलीकडंच अडकली. मग घोंगडीची झोळी करून त्याला कॅसलरॉक स्टेशनावर आणला. गाडीला वेळ होता. फलाटावर तो कण्हत होता, आणि एक रेल्वेचा गँगमन, चांगला माणूस, पाझर फुटला त्याला, जवळ आला आणि स्वतःची बिडी पेटवून झिलूच्या ओठांत दिली. मी हाताचा फटका मारून ती उडवली. लोक माझ्याकडं बघायला लागले, मरणाऱ्याच्या तोंडची बिडी काढतो म्हणून.

बेळगावच्या डॉक्टरनं सगळं उघडं सांगितलं. बिडीनं पायातल्या रक्ताच्या नळ्या आकसत जातात आणि एक दिवस बंद होतात, खालचं मांस कुजतं. आधी आला असता आणि बिडी सोडली असती तर अंगठ्यावर निभावलं असतं. आता गुडघ्याखाली कापावा लागेल. सुंदरीनं तिथं भिंतीला डोकं टेकलं. झिलूनं विचारलं, "उजवा?" डॉक्टर म्हणाला, "उजवा तुमच्या हातात आहे. बिडी ओढलीत तर तोही जाईल. एक सुद्धा नाही. हे मी सगळ्यांना सांगतो आणि निम्मे ऐकत नाहीत."

मॅडम दवाखान्यात आल्या. खाटेजवळ उभ्या राहून रडल्या. म्हणाल्या, मी तेव्हाच तुम्हाला गाडीत घालून आणायला हवं होतं. झिलूनं त्यांना बसायला लावलं. भलताच शांत होता. म्हणाला, "तुमच्या जळवांचं काय झालं?"

मॅडमनी सांगितलं. जळवा कापल्या, मेंदू काचेवर काढला, आणि उबेनं जागी होणारी पेशी कुठली, ते थोडंफार सापडलं.

"म्हंजे माजा पाय मेला हे तिला डोस्क्यात कळलं हुतं."

"हो."

"आनि मला न्हाई," झिलू म्हणाला, आणि चादर ओढून भिंतीकडं वळला.

घरी आणला तो पार बदललेला. कुबडी घेऊन पडवीत बसायचा. बिडी सोडली होती. सुंदरीनं घरातली तंबाखू, बिड्या, काडेपेटीसुद्धा चुलीत घातली. पण आमच्याकडं आजाऱ्याला बघायला जायचं तर रिकाम्या हातानं जात नाहीत, आणि बाप्या माणसाजवळ बसायचं तर पहिली बिडी पुढं करायची. नाही केली तर तो रागावलाय असा अर्थ होतो. येणारा प्रत्येक जण हात जोडायच्या आधी बिडी काढायचा. सुंदरी दारात उभी राहून एकेकाला बाहेर काढायची. "तुमची माया तुमच्या घरी ठिवा!" म्हणायची. रुक्मा मावशीच्या नवऱ्याच्या हातातली तिनं ओढून चिखलात टाकली. वाडीत म्हणायला लागले, नवऱ्याचा पाय गेला आणि हिचं डोकं गेलं. म्हणू देत.

मग पुढचा पावसाळा आला, आणि तिनं तिची ती गोष्ट सुरू केली. मी पाहिलं तेव्हा मला आधी कळलंच नाही. सकाळी झिलूला अंगणाच्या कडेला बसवायची, उजवा पाय ओल्या गवतात ठेवायला लावायची आणि शेजारी उकिडवी बसून बघत राहायची. जळू आली, पायावर चढली, चिकटली की तिचा जीव भांड्यात पडायचा. काढायची नाही. पिऊ द्यायची पोटभर. "पी बाय," म्हणायची, "पी." डॉक्टर बेळगावात, तो महिन्यातून एकदा बघणार. ही रोज बघत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं त्या दिवशी, लाज कसली सांगायला.

आषाढ असाच गेला. गवतात बसून झिलूही थोडा थोडा हसायला लागला होता. उजव्या पायावर उभं राहून कोयता चालवून बघायचा. म्हणायचा, बसून करायची कामं असतात की रानात, टोपल्या विणीन, शिंकाळी विणीन.

श्रावणात एका सकाळी मी त्यांना बेळगावला न्यायला गेलो. महिन्याची तारीख होती. जीप अंगणाबाहेर लावली. ती दोघं कडेला बसलेली. सुंदरी मान वर न करता म्हणाली, "थांबा अण्णा. अजून आली न्हाई."

गवतात जळवा होत्या, दिसत होत्या. माझ्या बुटावर एक चढतच होती. सुंदरीनं एक पान तोडून आणलं, त्यावर उभी असलेली जळू झिलूच्या उजव्या पावलाशी धरली. ती उठली. डोकं फिरवलं. अंगठ्याजवळ गेली, जरा थबकली, मग लांब होऊन वळली आणि सुंदरीच्या बोटावर चढली.

सुंदरीनं ती झटकली नाही. दुसऱ्या हातानं तिनं झिलूचं पाऊल धरलं आणि धरूनच राहिली. मग तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो गवताकडं बघत होता.

"कुनी दिली?" ती म्हणाली.

"एकच वडतो गं. सांच्याला. नागू येतो तवा. त्येचं मन मोडवंना."

मी शिवी घातली. नागूला घातली, झिलूला घातली, कुणाला घातली देव जाणे. सुंदरीनं नाही घातली. ती म्हणाली, "मी तुला खांद्यावर घिऊन फिरले असते रं. ह्यो एक पाय ऱ्हायला असता तर."

झिलू वाकला. तिच्या बोटावरची जळू त्यानं दोन बोटांत धरून सोडवली, आपल्या उजव्या पावलावर ठेवली आणि वरून हात धरला, वाऱ्यात दिवा धरावा तसा.

"लाग," तो तिला म्हणाला. "लाग गो बाय. जरा लाग."

जळू त्याच्या बोटांच्या फटीतून बाहेर आली आणि गवतात उतरली. सुंदरी उठली, घरात गेली आणि दवाखान्यात राहायला लागणारे कपडे पिशवीत भरायला लागली.